बायकोचं ‘होय’

रविवार, ७ सप्टेंबर

आज नाव पुकारलं. ह्यांचं!

उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, मंडळीच्या वडिलांच्या जागेसाठी आपल्या रविवारच्या शाळेच्या मुख्यांचं नाव पुढे आलंय, कोणाची हरकत असल्यास माझ्याकडे यावं. तीन रविवार असंच पुकारायचं. चौथ्या रविवारी डोक्यावर हात ठेवून नेमणूक, म्हणजे हस्तार्पण. मग मंडळीचे वडील म्हणून चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत हे बसणार. कोणाच्या घरी नवरा-बायकोचं पटत नाही, तिथे समजूत घालायला जाणार. हे! समजूत घालायला!

आणि हात ठेवायच्या आधी आमच्याकडची ती पद्धत. बायकोला पुढे बोलावतात. पाळक तिला एकच प्रश्न विचारतात — हा माणूस आपलं घर प्रेमाने चालवतो का? तिने ‘होय’ म्हणायचं. तेवढंच तिचं काम. लहानपणापासून किती होय ऐकलेत मी! एक तर इतकी हळू बोलली होती की पाळकांनी दुसऱ्यांदा विचारलं होतं. आम्ही पोरी मागे बसून खुदखुदत होतो.

बाहेर सगळ्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. टिपेची ताई म्हणाली, “नवे कपडे शिव हं, सगळ्यांच्या पुढे उभं राहायचंय!” गायनवृंदात सगळ्यांत वरचा सूर तिचा, म्हणून टिपेची. माझ्या शेजारी उभी राहून गाते. आज मी नुसतेच ओठ हलवत होते हे तिच्या लक्षात आलं होतं. “घसा बसलाय का गं?”

घसा नाही. बरगडी. गुरुवारी चहा निवला होता.


सोमवार, ८ सप्टेंबर

दुपारची सुट्टी. ही वही इथे लॅबमध्येच ठेवते, प्लास्टरच्या जबड्यांच्या कपाटात; घरी न्यायची वेळ आलीच तर पिशवीच्या तळाशी. तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही. इतके जबडे एका ओळीत बघून भल्याभल्यांना कसंतरी होतं. मला नाही होत. दंतवैद्य माप पाठवतात, मी मेणात दात लावते. वीस वर्षं लोकांना हसायला दात देतेय.

आज मेणात दात सरळ बसेना. श्वास घेतला की कळ येते. मालक लांबून बघत होते. “जिन्यावरून पडलीस परत?”

हो म्हणाले.

आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि स्वतःचंच हसू आलं. आमचं घर तळमजल्यावर! इतकी वर्षं मी जिन्यावरून पडतेय आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही — अगं बाई, कुठला जिना?


बुधवार, १० सप्टेंबर

ताईला सांगितलं. सगळं. गायनाच्या सरावानंतर, वह्या कपाटात ठेवताना. तोंड उघडलं आणि थांबताच येईना. ती रडली, मी नाही. म्हटलं, फक्त प्रार्थना कर. कोणाला सांगू नकोस.

किती हलकं वाटतंय!


शुक्रवार, १२ सप्टेंबर

डोकं फिरलंय माझं. रडू की हसू?

आमच्या चर्चमधल्या बायकांची प्रार्थनेची साखळी आहे. कोणी आजारी पडलं, कोणाची परीक्षा असली, की एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला. विषय जसाच्या तसा सांगायचा, आपल्या पदरचं घालायचं नाही. ऐकणारीने लगेच पुढचीला फोन लावायचा. चांगली पद्धत आहे. माझ्या लेकीच्या तापात अख्खं चर्च अर्ध्या तासात गुडघ्यावर होतं.

काल संध्याकाळी मला फोन आला. शिवणवाल्या काकू — साखळीत माझ्या आधी त्या. घाईघाईत सुरू झाल्या, “लिहून घे गं. आपल्या एका बहिणीच्या घरी शांती नाही. नवरा हात उगारतो. नाव गुप्त ठेवायचंय. ती दात बनवते—”

आणि गप्प झाल्या. मग काकू म्हणाल्या, “अगं बाई.” आणि फोन ठेवला.

ताईने साखळीत घातलं! वाईट मनाने नाही, ते मला कळतं. प्रार्थना कर म्हटलं तर तिने जास्तीत जास्त माणसं लावली कामाला. नावसुद्धा काळजीपूर्वक वगळलं. शहाणी!

आणि पुढची कडी कोण? सासूबाई. आमच्याच घरात, आतल्या खोलीत. फोन करायचीही गरज नाही. मग मनात म्हटलं, नियम म्हणजे नियम. गेले आत. त्या पलंगावर बसल्या होत्या, कवळी पेल्यातल्या पाण्यात. मी हात मागे बांधून, एक शब्द न बदलता सांगितलं. आपल्या एका बहिणीच्या घरी शांती नाही. नवरा हात उगारतो. नाव गुप्त ठेवायचंय. ती दात बनवते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोळक्या तोंडाने म्हणाल्या, “आमेन.”

पुढे फोन केला की नाही माहीत नाही. पण तोवर सुटायचं ते सुटलं होतं. बायकांना कळलं म्हणजे रात्रीच्या जेवणाला पुरुषांना कळलं.


शनिवार, १३ सप्टेंबर

काल लॅबमधून परतले. दार ह्यांनीच उघडलं, हसून. मग खिडक्या लावल्या. रेडिओवर भक्तिगीतं लावली, मोठ्याने. शेजाऱ्यांना वाटतं किती भाविक घर आहे.

डावं मनगट. पिरगाळलं.

सासूबाईंनी कवळी काढली, पेल्यात ठेवली, दार ओढून घेतलं. नेहमीचंच. दात पेल्यात गेले की आता त्या काही बोलणार नाहीत हे घरात सगळ्यांना कळतं. त्यांचा मला रागही येत नाही आताशा. खरं तर येतो. खूप येतो!

मग गुडघ्यावर बसवलं. हे त्याचं सगळ्यांत वाईट. मारून झालं की मला शेजारी बसवणार, खांद्यावर हात ठेवणार आणि त्या गोड आवाजात माझ्यासाठी क्षमा मागणार. माझ्या हट्टासाठी. माझ्या जिभेसाठी. शेवटी मी आमेन म्हणायचं.

काल नाही म्हटलं. तो थांबला. मी गप्प बसून राहिले, मनगट मांडीवर धरून. शेवटी त्याने स्वतःच म्हटलं आणि उठला.

यापुढे या पानांवर ‘हे’ नाही. तो.


रविवार, १४ सप्टेंबर

दुसरा पुकारा. मनगटाला पट्टी बांधून गेले. एरवी “काय झालं गं?” म्हणून गराडा पडतो. आज कोणी विचारलं नाही! सगळ्यांना माहीत होतं. एकीने जाता जाता पाठीवर हात फिरवला, नेमका बरगडीवर. “प्रार्थना करतोय हं आम्ही.”

पाळकसाहेबांनी हरकतीचं विचारलं. सगळीकडे शांत. मी समोरच्या बाकावरचे खिळे बघत होते.

मी हरकत घेणार आहे. लिहून टाकलं म्हणजे माघार नाही.


सोमवार, १५ सप्टेंबर

अर्धा दिवस रजा घेऊन पाळकसाहेबांकडे. त्यांची ती खोली, भिंतीवर जुन्या वडीलमंडळींचे फोटो. त्यात सासरेही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते. मोठा मान होता म्हणे त्यांना.

सांगितलं. पहिल्यापासून. पाळकसाहेब टेबलाच्या काचेवरचा डाग अंगठ्याने पुसत होते. जाईना. मग म्हणाले, “बहिणी, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच. तुम्ही जरा नमतं घेतलंत तर?”

म्हटलं, नमतं घेऊन घेऊन जमिनीला टेकले. आता कुठे जाऊ?

मग त्यांनी नियम काढला. वडिलावर किंवा वडील होऊ घातलेल्यावर आरोप ऐकायचा तर दोन साक्षीदार हवेत. शास्त्रच आहे तसं. “तुमची साक्ष एक. दुसरं कोण?”

“तो दारं लावून मारतो, पाळकसाहेब. तिकीट लावून नाही!”

त्यांना वाईट वाटलं, दिसलं मला. वाईट वाटून काय उपयोग? मी म्हटलं, त्याच शास्त्रात लिहिलंय की वडील होणारा माणूस मारझोड करणारा नसावा, ते कोण तपासणार? ते म्हणाले, “त्यासाठीच तर पत्नीला विचारतो आपण.” आणि मग घाईने, “अर्थात, तो विधीचा भाग आहे. तिथे काही... तुम्ही समजूतदार आहात.”

निघताना प्रार्थना केली. मी जे सांगितलं होतं ते त्यांनी देवाला सांगितलं, ‘घरातले लहानसहान मतभेद’ करून. साखळीतल्या बायका बऱ्या. निदान शब्द तरी बदलत नाहीत.

रस्त्यात चालता चालता लख्ख दिसलं. तिथे, सगळ्यांच्या समोर, मला विचारणार आहेत. आयुष्यात एकदाच विचारणार आहेत.


मंगळवार, १६ सप्टेंबर

नाही म्हणणार.


बुधवार, १७ सप्टेंबर

लेकीशी बोलले, लॅबच्या फोनवरून. ती नर्स आहे, दुसऱ्या गावी. घर सोडायची घाई का होती तिला, ते आम्ही दोघी कधी बोललो नाही. आज बोललो. म्हणाली, “आई, तू होय म्हणणार असशील तर मला त्या दिवशी बोलावू नकोस. मला ऐकवणार नाही.”

म्हटलं, नाही म्हणणार आहे.

मग म्हणाली, “आणि मग त्या घरी परत जाणारेस? वेडी आहेस का तू?”

बरोबर आहे. इतका विचार केला आणि झोपायचं कुठे हे ठरवलंच नव्हतं! मालकांना विचारलं. त्यांनी हातातला जबडा खाली ठेवला, काहीही न विचारता किल्ली काढून दिली. लॅबच्या वरची खोली, जुनं सामान ठेवायची. म्हणाले, “जिना अरुंद आहे. जपून.” आणि मग माझ्याकडे बघून, “निदान हा खरा आहे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

रोज जेवणाच्या पिशवीतून थोडं थोडं नेतेय. आतले कपडे. लेकीचा लहानपणचा फोटो. माझी गाण्याची वही. जास्त काही नाही माझं त्या घरात, हे आत्ता कळलं.

आज सासूबाईंनी हाक मारली. मी पिशवी पायाने मागे सारली. पण त्यांना कवळी दाखवायची होती. “पुढून उचलली जाते गं. बोलताना निसटते.” तिसरी कवळी ही, मीच केलेली. दोष माझा नाही. खालच्या पुढच्या भागात धरायला हाडच नाही त्यांना, खळगा आहे. तरुणपणी पडल्या होत्या म्हणे, तेव्हा चार दात हाडासकट गेले. म्हणून चारचौघांत त्या बोलतच नाहीत. रुमाल तोंडाशी, मान डोलवायची. लोकांना वाटतं किती शांत बाई.

म्हटलं, आतून नवा थर देऊन बघते. पण अधूनमधून बोलायला चालेल ही, कशाला खर्च? त्या पिशवीकडे बघत होत्या. वरून टॉवेल डोकावत होता.


रविवार, २१ सप्टेंबर

तिसरा पुकारा. हरकत नाही. झालं.

घरी आल्यावर त्याने तालीम घेतली! खरंच. आरशासमोर उभं केलं मला. स्वतः पाळक झाला. “हा माणूस आपलं घर प्रेमाने चालवतो का?”

“होय.”

“मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत जायला पाहिजे.”

“होय.”

“जरा हसून. सुतक असल्यासारखं नको. आणि पट्टी काढून यायचं त्या दिवशी.”

परत. परत. मी म्हणत राहिले. मनात वेगळंच चाललं होतं, त्यामुळे सोपं गेलं. सासूबाई खुर्चीत बसून टॉवेलने कवळी पुसत होत्या. एकदम म्हणाल्या, “पुरे आता. होय म्हणायला शिकवावं लागत नाही कोणाला.”

तो हसला. “आईला विचार! आईने किती छान म्हटलं असेल.”

त्यांनी कवळी पेल्यात ठेवली.


गुरुवार, २५ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. मनगटाची सूज उतरत नाही. “कसं झालं?” जीभ सवयीने जिन्याकडे निघालीच होती. ओढून आणली. “नवऱ्याने पिरगाळलं.”

त्यांनी लिहून घेतलं. बरगडीही तपासली. पोलिसांत जायचं असेल तर कागद देते म्हणाल्या. म्हटलं, जाणार आहे. सोमवारी. आधी रविवारी एका ठिकाणी उत्तर द्यायचंय.

मालक म्हणतात, आधी पोलिसांत जा, चर्च कशाला? त्यांना कसं सांगू? माझा बाप्तिस्मा तिथला. माझं लग्न तिथलं. माझा सूर तिथला. चर्च मी त्याला आंदण देणार नाहीये!


शनिवार, २७ सप्टेंबर

ऐन वेळी तोंडातून सवयीने होय निघालं तर?

भीती वाटते. लिहून ठेवते — भीती वाटते.


रविवार, २८ सप्टेंबर

दुपार. वरच्या खोलीत. लिहायचंच आहे.

नवे कपडे त्याने आणले होते. घातले. पट्टी मात्र बाहीखाली ठेवली. सासूबाई पहिल्या बाकावर, रुमाल तोंडाशी. लेक आली होती, शेवटच्या बाकावर.

तो गुडघ्यावर बसला. मला बोलावलं. वेदीपर्यंत गेले तेव्हा बुटांचा आवाज फार होतोय असं वाटत होतं. पाळकसाहेब माझ्याकडे न बघता, वहीत बघून वाचल्यासारखं म्हणाले — हा माणूस आपलं घर प्रेमाने चालवतो का?

“नाही.”

शेवटच्या बाकापर्यंत गेलं. तालीम चांगली झाली होती!

पाळकसाहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “नाही, पाळकसाहेब. हा मला मारतो. मारून झालं की गुडघ्यावर बसवतो. इथे बसलाय ना, तसंच.”

कोणाच्या तरी हातातलं गीतपुस्तक पडलं. तो उठला. चेहऱ्यावर तेच हसू. मंडळीकडे वळून म्हणाला, “तिची तब्येत बरी नसते. आपण सगळे प्रार्थना करतोच आहोत.” आणि प्रेमाने माझा हात धरला. तेच मनगट. दाबलं.

“हात सोड,” मी म्हटलं. सगळ्यांच्या समोर, अरे-तुरेत. आणि बाही वर केली.

सोडला त्याने. मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं आणि त्याने सोडला!

पण एवढ्याने झालं नाही. समितीतले लोक उठून पाळकसाहेबांभोवती जमले. कुजबुज, कुजबुज. मग जाहीर केलं — हस्तार्पण आज नाही. मंगळवारी संध्याकाळी समिती बसेल. दुसरा साक्षीदार आला तर नाव रद्द. नाही आला तर पुढच्या रविवारी नेमणूक होईल, आणि पवित्र ठिकाणी खोटा आरोप केला म्हणून मला प्रभुभोजनाला, उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाला, बंदी. पट्टी सगळ्यांनी पाहिली, पण पट्टी साक्षीदार होत नाही म्हणे.

लेक मधल्या वाटेने पुढे आली आणि मला घेऊन बाहेर पडली. मागून टिपेची ताई धावत आली. डोळे लाल. “मला माफ कर गं, मी काय करू सांग, काहीही करते.”

म्हटलं, “हे तरी साखळीत टाकू नकोस.” रडता रडता हसली. मग म्हणाली, मंगळवारी मी सांगेन समितीला. पण तिने ऐकलंय, पाहिलेलं नाही. चालणार नाही ते.

पाहिलं कोणी? लेकीने लहानपणी. पण घरातलं लेकरू आईचंच बोलणार म्हणून तिची साक्ष धरत नाहीत, बाहेरच समितीतल्या एका वडिलांनी स्पष्ट सांगितलं. मोठ्या माणसाने पाहिलेलं हवं.

निघताना वळून पाहिलं होतं. सासूबाई तशाच बसलेल्या. रुमाल तोंडाशी. माझ्याकडे नाही, वेदीकडे बघत.


सोमवार, २९ सप्टेंबर

पोलिसांत तक्रार दिली. लेक बरोबर होती. बाई हवालदाराने दोनदा वाचून दाखवली, मी सही केली. ते काम त्यांच्या गतीने होईल.

साखळीचा फोन आज आला नाही. मला वगळलंय.

हे लागलं. पट्टीपेक्षा जास्त. उद्या दुसरं कोणी उभं राहणार नाही, मला माहीत आहे. पण नाही म्हटलेलं मी परत घेणार नाही. बंदी घाला. दाराशी बसून गाईन, वरचा सूर लावून!


मंगळवार, ३० सप्टेंबर

सकाळी लॅब उघडतोय तोच सासूबाई आल्या. एकट्या, चालत. रुमालाची घडी सोडून कवळी माझ्या टेबलावर ठेवली.

“पुढे घट्ट बसव. संध्याकाळच्या आत.”

बोळक्या तोंडाने, एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाल्या —

“मी पडले नव्हते, पोरी. तुझ्या सासऱ्यांच्या हस्तार्पणाचा आदला दिवस होता तो. दुसऱ्या दिवशी तोंडावर रुमाल धरून होय म्हणाले. आज त्या समितीपुढे बोलायचंय मला. कवळी निसटायला नको.”

मेण तापत ठेवलंय.